मद्यधुंद वाहनचालकाचें पारिपत्य : जोगेश्वरीच्या शिवेवरून

दारू पिऊन गाडी हांकणाराचें पारिपत्य हा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं परका वाटेल. सनदा, महजर, तहनामे व वंशावळी यांच्या पंक्तीस पोलिसांच्या चलनाचा कागद कोणी बसवीत नाहीं. परंतु कायद्याचें छापील पुस्तक हेंही एक बाडच आहे. त्यांतील कलमें, खाडाखोड करून मागाहून घातलेलीं पोटकलमें व गाळलेले शब्द हीं नीट लावून पाहिलीं, तर बखरींतून न कळणाऱ्या गोष्टी त्यांतून कळतात. प्रस्तुत लेखाचें कारण अशीच एक गोष्ट आहे. रक्तांत किती मद्यांश सांपडला म्हणजे न्यायाधीशानें मनुष्याविरुद्ध अनुमान करावें, हें अंकानें सांगणारें कलम मुंबईच्या कायद्यांत इ. स. १९५९ सालीं आलें. तें रस्त्यावरील माणसाच्या रक्षणासाठीं आलें असेल असें कोणासही वाटेल. तें तसें आलें नाहीं. तें दारूबंदीसाठीं आलें. वाहन हांकणाराच्या वाट्यास स्वतःचा अंक येण्यास त्यानंतर आणखी पस्तीस वर्षें लागलीं. हें कसें घडलें तें येथें कागदांच्या क्रमानें मांडावयाचें आहे.

आरंभ जोगेश्वरीपासून करतों. याचें कारण तेथील सहाव्या शतकांतील पाशुपत लेणें नव्हे. जोगेश्वरी ही शीव आहे, हें होय. माहीमची खाडी ओलांडून साष्टींत येणारा पूल इ. स. १८४५ सालीं झाला आणि मुंबई बेट व साष्टी हीं या बाजूनेंही गाडीवाटेनें जोडलीं गेलीं. वाट जोडली तरी कायदा जोडला गेला नाहीं. खाडीच्या अलीकडे शहराचा पोलिस कमिशनर व प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट; पलीकडे ठाणें जिल्ह्याचा अंमल. पुढें शहरास इ. स. १९०२ चा शहर पोलिस कायदा लागू होता, तर साष्टीस इ. स. १८९० चा जिल्हा पोलिस कायदा. घोडबंदरच्या रस्त्यानें जोगेश्वरीहून निघालेला गाडीवान माहीमच्या टोकास पोंचला म्हणजे त्याचा बैल तोच, गाडी तीच, पोटांतील ताडीही तीच. मात्र त्याचा न्याय करणारा बदले. १९२० च्या ऑक्टोबरांत साष्टीचा दक्षिण भाग ठाण्यांतून काढून मुंबई उपनगर जिल्हा निराळा केला, तेव्हां जोगेश्वरी त्यांत गेली. १९४५ च्या बृहन्मुंबईविषयक कायद्यानें या शिवा पुसण्यास आरंभ झाला. १९५० च्या एप्रिलांत महानगरपालिकेची हद्द वाढविली ती आजच्या पश्चिम रेल्वेच्या बाजूस जोगेश्वरीपर्यंत व मध्य रेल्वेच्या बाजूस भांडुपपर्यंत. आणि १९५७ च्या फेब्रुवारींत ती दहिसर व मुलुंड येथें गेली. म्हणजे मधलीं सात वर्षें बृहन्मुंबईची उत्तर शीव जोगेश्वरीस होती. दोन पोलिस कायद्यांचें द्वैतही १९५१ च्या मुंबई पोलिस कायद्यानें संपलें. ज्या सात वर्षांत जोगेश्वरी शहराची वेस होती, त्याच वर्षांत मद्यपी चालकाविषयींचा मुंबईचा सर्वांत महत्त्वाचा खटला चालला. त्याकडे पुढें येऊं.

मराठी अंमलांतील पद्धत आधीं पाहिली पाहिजे. पेशव्यांच्या रोजनिश्यांवरील आपल्या प्रसिद्ध निबंधांत न्यायमूर्ति रानडे यांनीं नमूद केलें आहे कीं, पेशवाईंत दारू गाळणें व विकणें यांस मनाई होती; परंतु पोर्तुगिजांकडून जिंकलेल्या मुलखांतील भंडारी, कोळी इत्यादि लोकांस, त्यांची पूर्वापार वहिवाट म्हणून, सवलत होती. ब्राह्मण, प्रभु व सरकारी कामगार यांनीं मात्र पिऊं नये अशी सक्त ताकीद होती, आणि नाशिकच्या कांहीं भिक्षुकांस या कारणास्तव किल्ल्यांवर कैदेंत घातल्याचा उल्लेखही त्यांनीं केला आहे. साष्टी मराठ्यांकडे वसईच्या मोहिमेपासून इ. स. १७७४ च्या अखेरीपर्यंतच होती. सबब या सवलतीचा संबंध साष्टीशीं लावतांना त्या त्या आज्ञेची मिति पाहूनच लावावा. आमचा मुद्दा निराळा आहे. या व्यवस्थेंत प्रश्न एवढाच असे, कीं पिणारा कोण? किती प्याला, पिऊन काय करीत होता, त्याच्या हातीं कासरा होता कीं लेखणी, हे प्रश्न त्यांत नाहींत. गुन्हा मनुष्याच्या जातीस व पदास चिकटलेला आहे.

इंग्रजी कायद्यानें हा प्रश्न बदलला, पण अर्धाच. इ. स. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत कलम २७९ सार्वजनिक रस्त्यावर बेफामपणें वाहन हांकणें किंवा घोड्यावर बसून दौडणें यास सहा महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड सांगे. कलम ५१० सार्वजनिक ठिकाणीं दारूच्या धुंदींत त्रास देणारास चोवीस तासांची साधी कैद किंवा दहा रुपये दंड सांगे. हीं दोन कलमें एकाच ग्रंथांत असूनही एकमेकांकडे पाहत नसत. एक हांकण्याविषयीं होतें, दुसरें पिण्याविषयीं. पिऊन हांकणें या तिसऱ्या वस्तूस संहितेंत नांवच नव्हतें. निष्काळजीपणानें मृत्यु घडविण्याचें कलम ३०४-अ देखील मूळ संहितेंत नव्हतें. तें १८७० सालीं मागाहून घातलें. विलायतेंत मात्र १८७२ च्या मद्यविक्रीविषयक कायद्याच्या बाराव्या कलमांत रस्त्यावर गाडी, घोडा, गुरें किंवा वाफेचें यंत्र ताब्यांत असतां जो धुंद असेल त्यास चाळीस शिलिंगांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद सांगितली होती. घोडा, गुरें व वाफेचें यंत्र हीं एका दावणीस बांधणारें हें कलम मोठें मौजेचें आहे. पण त्यांतील विचार पक्का होता. जें ताब्याबाहेर गेल्यास दुसऱ्याचा जीव घेईल, तें धुंद माणसाच्या हातीं नको.

आपल्याकडे या कलमाची निकड तेव्हां कां भासली नाहीं, यास एक साधें उत्तर आहे व तें कोणत्याही दप्तरांत मिळणार नाहीं. बैल पीत नाहीं. गाडीवान साटींत निजला तरी बैल ओळखीच्या वाटेनें त्यास घरीं आणून सोडीत. मोटार आली आणि ही सोय गेली. मोटारविषयक पहिला अखिल हिंदी कायदा इ. स. १९१४ चा. त्याचाही रोख मुख्यतः बेफाम हांकण्यावर होता.

पुढें इ. स. १९३९ चें साल येतें, आणि येथें दोन तारखा एकमेकींशेजारीं ठेवून पाहाव्यात. त्या वर्षींच्या जुलैच्या पहिल्या तारखेस नवा मोटार-वाहन कायदा अंमलांत आला. त्याच्या कलम ११७ मध्यें, मद्याच्या किंवा गुंगीच्या द्रव्याच्या अमलाखालीं असल्यामुळें वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ झालेल्या चालकास प्रथमच स्वतंत्र शिक्षा सांगितली : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पांचशें रुपयांपर्यंत दंड. हे शब्द विलायतेच्या १९३० च्या रस्ते-वाहतूक कायद्यांतून जवळजवळ जसेच्या तसे उचललेले आहेत. बरोबर एक महिन्यानें, ऑगस्टच्या पहिल्या तारखेस, खेर मंत्रिमंडळानें मुंबईंत दारूबंदी पुकारली, डॉ. गिल्डर हे त्या मोहिमेचे धुरीण होते. नोव्हेंबरांत मंत्रिमंडळानें राजीनामा दिला आणि मोहीम ढिली पडली. परंतु एका महिन्याच्या अंतरानें जन्मलेलीं हीं दोन भावंडें पुढें एकमेकांच्या पायांत पाय अडकवीत चाललीं. मोटारचा कायदा म्हणे : प्यालास तर प्यालास, पण ताबा सुटला होता कीं नाहीं तें सिद्ध होऊं दे. दारूबंदीचा कायदा म्हणे : ताब्याची गोष्ट सोड, तूं प्यालास कां?

स्वातंत्र्यानंतर इ. स. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला व १९५० च्या एप्रिलांत मुंबई राज्यांत पूर्ण दारूबंदी आली. तेव्हां गृहखातें मोरारजी देसाई यांजकडे होतें. परवान्यावांचून मद्य पिणें हाच गुन्हा ठरला. कायद्यानें मद्याची व्याख्या एवढी रुंद केली कीं, मद्यार्क असलेलीं औषधें व अंगास लावावयाचीं सुगंधी द्रव्येंही तींत आलीं. बलसारा यांच्या सुप्रसिद्ध खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें इ. स. १९५१ च्या मे महिन्याच्या २५ व्या तारखेस निर्णय देऊन कायदा बव्हंशीं कायम ठेविला. परंतु औषधी व प्रसाधनी द्रव्यांच्या सेवनास बंदी करणारा भाग घटनाबाह्य म्हणून काढून टाकिला.

या निर्णयाची शाई वाळते न वाळते तोंच, चौथ्या दिवशीं, म्हणजे १९५१ च्या मेच्या २९ व्या तारखेस, रात्रीं साडेनऊच्या सुमारास मुंबई शहरांत एका जीप गाडीचा धक्का लागून तीन माणसें जखमी झालीं. जीप हांकणारा गृहस्थ सामान्य चालक नव्हता. तो मुंबई विभागाचा हंगामी प्रादेशिक परिवहन अधिकारी होता. म्हणजे शहरांतील हांकणारांस परवाने देणारें व काढून घेणारें जें खातें, त्याचाच तो अधिकारी. हा खटला बेहराम खुरशेद पेसिकाका विरुद्ध मुंबई राज्य या नांवानें कायद्याच्या ग्रंथांत अमर झाला आहे. घटनेचे अभ्यासक तो वाचतात तो, घटनाबाह्य ठरलेल्या कलमाचें पुढें काय होतें, या तात्त्विक प्रश्नासाठीं. रस्त्याच्या इतिहासासाठीं तो कोणी वाचल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं, म्हणून येथें थोडें थांबतों.

पोलिसांनीं त्या गृहस्थास सेंट जॉर्ज रुग्णालयांत नेलें. तेथील वैद्यानें लिहून ठेविलें तें असें : श्वासास मद्याचा वास येतो, डोळे लालसर आहेत, बाहुल्या अर्धवट विस्फारलेल्या पण प्रकाशानें आकुंचित होतात, बोलणें सुसंगत आहे, सरळ रेषेवर चालतां येतें. सबब यानें कोणत्या तरी स्वरूपांत मद्यार्क घेतला आहे, परंतु तो त्याच्या अमलाखालीं दिसत नाहीं. या चार ओळींत त्या काळची सारी साधनसामुग्री येऊन जाते. वैद्याचें नाक, वैद्याचा डोळा आणि जमिनीवर काढलेली रेषा. यापलीकडे मोजण्याचें कांहींही नाहीं. १९३९ च्या कलम ११७ चा येथें उपयोगच नव्हता. ज्यास सरळ चालतां येतें त्याचा ताबा सुटला होता असें कोण म्हणेल? म्हणून आरोप ठेविले ते दंडसंहितेच्या ३३७ व ३३८ या दुखापतीच्या कलमांखालीं, आणि दारूबंदी कायद्याच्या कलम ६६ खालीं.

आरोपीनें सांगितलें कीं आपण दारू प्यालों नाहीं, बी. जी. फॉस नांवाचें शक्तिवर्धक औषध घेतलें होतें. त्या औषधांत मद्यार्क असे. प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटानें त्यास दारूबंदीच्या आरोपांतून सोडलें. उच्च न्यायालयानें तो निर्णय फिरवून एक महिन्याची सक्तमजुरी व पांचशें रुपये दंड ठोठावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, तेथें प्रथम तीन न्यायमूर्तींत मतभेद झाला, मग तें मोठ्या पीठापुढें गेलें. १९५४ च्या सप्टेंबरांत सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन व त्यांच्याशीं सहमत न्यायमूर्तींनीं ठरविलें कीं, औषधी द्रव्यांविषयींचा भाग कायद्यांतून जणूं पुसला गेला आहे; तेव्हां आरोपीच्या श्वासांत आलेला वास मना केलेल्या मद्याचाच होता, औषधाचा नव्हता, हें सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे. न्यायमूर्ति सुधीरंजन दास यांनीं भिन्न मत दिलें. शिक्षा रद्द झाली.

हा निर्णय घटनेच्या दृष्टीनें निर्दोष असेल. तो आमचा प्रांत नव्हे. परंतु जखमी झालेल्या तिघांच्या बाजूनें पाहिलें तर विलक्षण गोष्ट दिसते. सर्वोच्च न्यायालयाचीं पानेंच्या पानें बाटलींत काय होतें याविषयीं आहेत. बाटलींत औषध असो कीं दारू, जीपच्या चाकास त्याचें काय? मद्यार्काचा परिणाम हातापायांवर सारखाच व्हावयाचा. पण कायद्यानें प्रश्नच असा विचारला होता कीं त्याचें उत्तर रस्त्यावर नव्हे, बाटलींत शोधावें लागे.

दारूबंदी खात्याची मात्र या निर्णयानें मोठी पंचाईत झाली. ज्याच्या तोंडास वास येईल तो औषधाचें नांव घेई, आणि तें खोटें आहे हें सिद्ध करणें सरकारास अशक्य होई. हा अडसर काढण्यासाठीं इ. स. १९५९ च्या बाराव्या कायद्यानें कलम ६६ ला नवें पोटकलम जोडलें. आरोपीच्या रक्तांत शेंकडा ०·०५ किंवा अधिक मद्यांश, वजन भागिले घनफळ या रीतीनें, सिद्ध झाला, म्हणजे आपण औषधच घेतलें होतें हें दाखविण्याचा भार आरोपीवर; तसें न दाखविल्यास न्यायालयानें विरुद्ध अनुमान करावें. आरंभीं म्हटलेला अंक तो हाच.

अंकाबरोबर त्याचा विधिही आला, तो त्याच वर्षाच्या वैद्यकीय तपासणी व रक्तपरीक्षा नियमांत आहे. ते नियम एखाद्या पूजाविधीइतके कडक आहेत. पिचकारी उकळत्या पाण्यांत निर्जंतुक करावी. कातडी निर्जंतुक पाण्यानें पुसावी. कोणत्याही टप्प्यावर स्पिरिटाचा स्पर्श होऊं देऊं नये, कारण तसें झाल्यास वैद्याचाच मद्यार्क आरोपीच्या रक्तांत सांपडावयाचा. शिरेंतून पांच घनसेंटिमीटर रक्त घ्यावें. तें गोठूं नये व नासूं नये अशीं द्रव्यें घातलेल्या कुपींत भरून कुपी जोरानें हालवावी. मग मोहर करावी. यांतील एखादी पायरी लिहून ठेवण्याची राहिली कीं पुरावा डळमळे. जुन्या कागदांच्या मोहरा, शिक्के व मोर्तब तपासण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस या न्यायाचें मर्म सांगावयास नकोच. दस्तऐवज खरा असून चालत नाहीं, त्याची परंपराही अखंड लागते.

या अंकाचें मूळ शास्त्र स्वीडनमधील वैद्य एरिक विडमार्क यांचें. १९२० नंतरच्या दशकांत त्यांनीं बोटाच्या टोंकांतून काढलेल्या रक्ताच्या थेंबांवरून मद्यांश मोजण्याची रीत बसविली. नॉर्वेनें १९३६ सालीं हाच अर्ध्या सहस्रांशाचा, म्हणजे शेंकडा ०·०५ चा, अंक चालकांसाठीं कायद्यांत घातला. अमेरिकेंत हार्गर यांचें श्वासयंत्र १९३० नंतरच्या वर्षांत झालें व बोर्केन्स्टाइन यांचें अधिक सुटसुटीत यंत्र १९५४ सालीं, म्हणजे पेसिकाका यांचा निकाल लागला त्याच वर्षीं. इंग्लंडनें चालकांसाठीं अंक ठरविला तो १९६७ सालीं, १०० घनसेंटिमीटर रक्तांत ८० मिलिग्रॅम. आतां पाहा : मुंबईच्या कायद्यांत अंक इंग्लंडच्या आठ वर्षें आधीं आला. शास्त्र होतें, नियम होते, रक्त घेणारे वैद्य होते, तपासणाऱ्या प्रयोगशाळा होत्या. नव्हती ती एवढीच कल्पना, कीं हें माप स्टीअरिंगमागें बसलेल्या माणसास लावावें. चालकाच्या कलमांत ‘योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ’ हे १९३९ चे शब्द त्या वेळीं तसेच राहिले. आणि त्यांखालीं वैद्याच्या नाकास व रेषेवरच्या चालीसच महत्त्व राहिलें.

इ. स. १९८८ च्या मोटार-वाहन अधिनियमांतील पाठ एकदम दुसऱ्या टोकाचा होता. कलम १८५ च्या मूळ पाठांत चालकाच्या रक्तांत मद्यांश सांपडला, मग तो कितीही अल्प असो, तर गुन्हा होई. येथें पाठभेदाकडे लक्ष द्यावें. आजच्या पुस्तकांत हा पाठ दिसत नाहीं. १९९४ च्या दुरुस्तीनें तो काढून १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमांहून अधिक, श्वासयंत्रानें केलेल्या परीक्षेंत, असा पाठ आला. १९८८ च्या अधिनियमाखालील १९९४ पर्यंतचे निकाल वाचणारानें मूळ पाठ हातीं ठेवून वाचावे, नाहीं तर घोटाळा होतो.

तेव्हांपासून महाराष्ट्रांत दोन अंक शेजारीं नांदत आहेत. दारूबंदी कायदा अद्याप जिवंत आहे, त्यांतील अनुमानाचा अंक ५० मिलिग्रॅम. चालकाचा अंक ३०. जोगेश्वरीच्या पुलाखालीं रात्रीं अडविलेल्या चालकाच्या रक्तांत ४० मिलिग्रॅम असतील, तर चालक म्हणून तो गुन्हेगार. पिणारा म्हणून त्याच्याविरुद्ध अनुमान करतां येत नाहीं. ही विसंगति नव्हे. दोन प्रश्न निराळे आहेत हें कायद्यास उशिरां कां होईना उमगलें, त्याची ही खूण आहे.

शिक्षेचा भाग थोडक्यांत सांगतों, कारण तो सर्वांस ठाऊक आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, असें १९८८ चें मान होतें. १९३९ च्या पांचशें रुपयांशीं ताडून पाहतां, मधल्या अर्धशतकांत रुपयाचें मोल किती उतरलें हें ध्यानांत घेतल्यास दंड वाढला नव्हे, घटलाच होता. १ सप्टेंबर २०१९ पासून तो दहा हजार रुपये झाला व पुन्हां गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार. हा दंड रस्त्यावर भरून मोकळें होतां येत नाहीं. न्यायाधीशापुढें उभें राहावें लागतें. कलम २२ प्रमाणें, या गुन्ह्यांत एकदां शिक्षा झालेल्यास पुन्हां शिक्षा झाली तर न्यायालयानें परवानाच रद्द करावयाचा आहे. सर्वोच्च न्यायालयानें नेमिलेल्या रस्ता-सुरक्षा समितीनें २०१५ च्या ऑगस्टांत राज्यांस कळविलें कीं, अशा चालकाचा परवाना निदान तीन महिने निलंबित करावा.

या वाढीमागें एका रात्रीचा मोठा वांटा आहे. १२ नोव्हेंबर २००६ रोजीं पहाटे वांद्र्याच्या कार्टर रस्त्यावर पदपथावर निजलेल्या मजुरांच्या अंगावर मोटार गेली. सात मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तांत शेंकडा ०·११२ मद्यांश निघाला. सत्र न्यायालयानें निष्काळजीपणाचें कलम लावून सहा महिन्यांची शिक्षा दिली. २००७ च्या सप्टेंबरांत मुंबई उच्च न्यायालयानें तें प्रकरण सदोष मनुष्यवधाचें ठरवून तीन वर्षें केलीं, आणि २०१२ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें तीं कायम केलीं. १९५१ च्या खटल्याशीं हा ताडून पाहावा. तेथें प्याला काय हा वाद होता. येथें, इतकें पिऊन मोटार हांकणारास परिणाम ठाऊक होता कीं नाहीं, हा. सात मजुरांचीं प्रेतें मध्यें पडलीं तेव्हां हा प्रश्न नीट विचारला गेला, हें लिहितांना लेखणी अडखळते. २००७ च्या जूनपासून मुंबईच्या वाहतूक पोलिसांनीं श्वासयंत्रें घेऊन रात्रीं नाकेबंदी सुरू केली. पश्चिम द्रुतगति महामार्ग व जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता जेथें मिळतात त्या भागांतील रहिवाशांस तोंडापुढें धरलेली ती नळी आतां नवलाची राहिली नाहीं.

राहिली एक वस्तु, जी आपल्या कायद्यांत अद्याप आली नाहीं. तिला इग्निशन-इंटरलॉक म्हणतात. सोयीसाठीं येथें तिला श्वासाचें कुलूप म्हणूं. चालकानें बसतांच एका नळींत फुंकावयाचें. मद्यांश ठरीव अंकाहून अधिक निघाल्यास इंजिन सुरू करणाऱ्या विजेचा मार्ग बंदच राहतो व गाडी हालत नाहीं. वाटेंतही मधून मधून पुन्हां फुंकावें लागतें, म्हणजे दुसऱ्याकडून फुंकवून घेऊन निघालेला पुढें सांपडतो. प्रत्येक फुंकराची नोंद यंत्रांत राहते आणि ती अधिकाऱ्यास वाचतां येते. अमेरिकेंत १९६९ च्या सुमारास याचे पहिले नमुने झाले. कॅलिफोर्नियानें १९८६ च्या कायद्यानें चार परगण्यांत प्रयोग केला. न्यू मेक्सिकोनें २००५ सालीं पहिल्या गुन्ह्यापासून सर्व दोषी चालकांस तें सक्तीचें केलें. आज तेथील सर्व राज्यांत या ना त्या स्वरूपाचा असा कायदा आहे. स्वीडननें १९९९ सालीं आरंभ केला. फ्रान्सनें २०१० पासून शाळकरी मुलांच्या नव्या बसगाड्यांस हें कुलूप लाविलें. तेथें तें दोषी चालकास शिक्षा म्हणून नव्हे, निर्दोष चालकासही नेम म्हणून आहे. युरोपीय संघानें २०१९ च्या नियमानें नव्या गाड्यांत तें बसवितां येईल अशी सोय ठेवणें बंधनकारक केलें. आपल्या १९८८ च्या अधिनियमांत, २०१९ च्या दुरुस्तीनंतरही, असें कलम नाहीं. जोगेश्वरीच्या चालकाचा परवाना अंधेरीच्या कार्यालयांतून तीन महिने निलंबित होतो. परंतु निलंबित कागद गाडीस थांबवीत नाहीं, आणि ज्यानें प्यालेला असतां गाडी काढली तो परवान्यावांचून काढणार नाहीं, असें मानण्यास आधार काय?

पेशवाईंतील हुकूम विचारी, पिणारा कोण. १९३९ चें कलम विचारी, ताबा होता काय. १९५९ चें विचारी, रक्तांत किती. हे सर्व प्रश्न प्रसंग घडून गेल्यावरचे, साक्षीपुराव्याचे. श्वासाचें कुलूप साक्षीदार मागत नाहीं, वैद्य मागत नाहीं, बाटलींत काय होतें हें विचारीत नाहीं. बी. जी. फॉसचा बचाव त्यापुढें चालणारच नाहीं. जुना बैल गाडीवानास घरीं नेई. हा नवा बैल जागचा हालत नाहीं, एवढाच काय तो फरक. मात्र यंत्रास चकविण्याचे उपाय मनुष्य शोधतोच, यंत्राची वेळोवेळीं पारख करावी लागते, आणि खर्च चालकावर टाकिल्यास गरीब रिक्षावाल्यास तो झेपेल काय, हा प्रश्नही खरा आहे. तथापि आमचें स्वतःचें मत या कुलपाच्या बाजूचें आहे, हें लपवीत नाहीं. निदान दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्यांस व शाळेच्या बसगाड्यांस तरी.

आतां संग्राहकांस एक विनंति. या इतिहासाचीं वरिष्ठ न्यायालयांचीं निकालपत्रें छापलेलीं आहेत. तीं जाणार नाहींत. परंतु मॅजिस्ट्रेटाच्या न्यायालयांतील कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट केले जातात. १९३९ च्या कायद्याखालील परवाने लहान पुस्तिकेच्या रूपाचे असत व त्यांत न्यायालयाचे शेरे नोंदण्यास पानें असत. जोगेश्वरी, अंधेरी, मालाड येथें टॅक्सी व मालमोटार चालविणारांचीं कुटुंबें पुष्कळ आहेत. आजोबांच्या ट्रंकेंत अशा पुस्तिका अजून निघतात व रद्दींत जातात. शेरा असलेलें एक पान, तारीख, कलम व दंडाची रक्कम यांसह, हा या विषयाचा अस्सल कागद आहे. मालकाचें नांव झांकून त्याची नक्कल ठेविली तरी चालेल. श्वासयंत्रांतून निघणारी चिठ्ठी तर त्याहून अल्पायुषी. ती उष्णतेनें काळ्या होणाऱ्या कागदावर छापतात. तींत शाई नसतेच. खिशांत, उन्हांत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवींत राहिली कीं थोड्याच वर्षांत अक्षरें उडून कोरा कागद उरतो. तीनशें वर्षांपूर्वींचें मोडी पत्र आज स्पष्ट वाचतां येतें आणि पंधरा वर्षांपूर्वींची चिठ्ठी येत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं अशा चिठ्ठ्या आल्या असतील त्यांनीं त्यांची छायाप्रत आजच साध्या कागदावर काढून, मागें तारीख व ठिकाण शाईनें लिहून ठेवावें. मूळ चिठ्ठी काळोखांत, थंड जागीं, प्लॅस्टिकपासून दूर ठेवावी.